फाटकावरची झडती

तुम्ही विचारलंत, कामाच्या जागी बायकांना त्रास होऊ नये म्हणून केलेले आताचे नियम नव्हते तेव्हा बायका काय करत? खामगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडणारी आमची एक शेजारीण होती. बोलताना ती पदराला चिकटलेला कापूस वेचत राही.

सुटीच्या वेळी पहारेकरी चोरलेला कापूस शोधायच्या निमित्तानं बायकांच्या अंगावरून हात फिरवी. नव्या पोरी काम सोडून जात.

एका संध्याकाळी ही फाटकातच बसली. मागे साऱ्या जणी बसल्या. कापसाच्या गाड्या बाहेर अडकल्या.

"घरी जायचं नाही काय वं?" मालकांनी विचारलं.

"झडतीबिगर कशी जाऊ, मालक? पन बाईची झडती बाईच घेईन."

मालकांनी शेवटी झडती घ्यायला तिलाच नेमलं. तिनं हात वर केले आणि सगळ्यांत लहान पोरीला म्हटलं, "पयले तू माही घे."