ढोलीत हरवलेली बस

किस्से गोळा करावे लागत नाहीत. अठरा वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या बाईचं ऐका, ते आपोआप चढतात, जागा धरून बसतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत. पण आज सांगते ते बसमधले नाहीत. साकोलीतल्या धनराजभाऊच्या कॉम्प्युटरच्या दुकानातले आहेत आणि थोडे आमच्या घरातले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर बनवून घेतला ना, तेव्हाचे!

हो, माझा. स्वतःसाठी, स्वतःच्या हौशीसाठी घेतलेली पहिली वस्तू.

*

धनराजभाऊकडे जायच्या आधी मी दोन दुकानं फिरले. दोन्हीकडे एकच वाक्य, "ताई, पोराले घेऊन या, त्याले समजते." पोरगा असता तर नेला असता! मला एक मुलगी आहे, ती नागपूरला शिकते आणि तिला गेमचा भयंकर कंटाळा.

धनराजभाऊनं मात्र स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, "तुमी काय खेळता, ताई?"

मी सांगून टाकलं. बस चालवायचा गेम असतो. स्टिअरिंग, गिअर, घाट, वळणं, सगळं अगदी खऱ्यासारखं. मोबाइलवर खेळायचे, पण मोबाइल तापून बंद पडायचा. "अठरा वर्षं ड्रायव्हरच्या मागं उभी राहून घंटी मारून राहिली, भाऊ. आता मले चालवाची आहे."

तो हसला नाही. वही काढली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "बस". त्या न हसण्याबद्दल मी त्याची जन्मभर आभारी राहीन.

*

बाकी सगळं तासाभरात ठरलं. गाडी अडली ती ड्राइव्हवर. एसएसडी घ्यायचा की हार्ड डिस्क, आणि केवढा?

धनराजभाऊनं आमच्या भाषेत समजावलं. "ताई, हार्ड डिस्क म्हणजे ढोली. वर्षभराचं धान मावते, पण काढाले वेळ लागते. एसएसडी म्हणजे चुलीजवळचा डबा. हात घातला का हाती आलं."

म्हटलं, "मग डबाच मोठा द्या ना!"

"हेच आमच्या गुरुजींले सांगून राहिलो होतो," तो म्हणाला आणि शेजारच्या गल्लीतल्या गुरुजींचा किस्सा सांगितला. गुरुजींनी हट्टानं नुसती मोठी हार्ड डिस्क घेतली आणि विंडोज पण तिच्यातच टाकायला लावलं. मग रोज सकाळी बटण दाबून ते आंघोळीला जायचे. आंघोळ, पूजा आणि चहा होईपर्यंत कॉम्प्युटर सुरू झालेला असायचा. वर्षभरानं कंटाळून एसएसडी बसवून नेला. आठ दिवसांत तक्रार घेऊन हजर!

"काय बिघडलं, गुरुजी?"

"अरे, बटण दाबत नाही तं सुरू! पूजा बुडून राहिली ना माझी!"

*

माझा एसएसडी आला तेव्हा धनराजभाऊचे बाबा दुकानात बसले होते. ते नदीकाठच्या बपेरा गावचे, उभी हयात नदीत आणि तलावात मासे धरण्यात गेलेली. केवढा तरी खोका, त्यात आणखी एक खोका, त्यात प्लास्टिक, आणि त्यात बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी. माझं तोंडच उतरलं. एवढ्याशा पट्टीत माझे रस्ते, घाट आणि शहरं कशी मावायची?

बाबांनी ती चिमटीत धरून उजेडात नीट पाहिली आणि लेकाच्या हातात परत दिली.

"जाळ्यात आली असती तं पाण्यात सोडून देली असती रे. वाढू द्याची होती थोडी!"

*

पट्टी एक टीबीची घेतली. अर्ध्या टीबीत माझा गेम आणि आणखी दोन-चार सहज बसले असते, पण धनराजभाऊनं नको म्हटलं. "फायबरचं नेट आलेल्या गावाले अर्धा पुरते. तुमच्या गावात एकदा भरलेलं कदी पुसाचं नाही, ताई!"

खरंच होतं. घरच्या नेटवर मी आधी एकदा गेम डाउनलोडला लावून पाहिला होता. मोबाइलनं हिशेब करून सांगितलं, नऊ दिवस बाकी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अकरा दिवस बाकी! प्रवास सुरू केला आणि गाव आणखी लांब गेलं, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

म्हणून या दुकानाची एक पद्धत आहे. ड्राइव्ह तिथेच ठेवायचा, आपल्या अकाउंटनं लॉगिन करून द्यायचं, आणि धनराजभाऊ दुकानाच्या लाइनवर गेम उतरवून ड्राइव्ह भरून देतो. त्याचं वेगळं काही घेत नाही. माझा कॅबिनेट आधी घरी जाऊन टेबलावर बसला, आणि चार दिवसांनी मी दुपारच्या फेरीनंतर भरलेली पट्टी पर्समध्ये टाकून घरी निघाले. तो येऊन बसवून देणार होता.

*

आता खरी गंमत. पर्समध्ये पाण्याची बाटली होती. तिचं झाकण सैल होतं!

घरी येऊन पाहते तर रुमाल, पास, पट्टी, सगळं पाण्यात. मला रडूच आलं. संध्याकाळच्या फेरीची वेळ होत आली होती. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात, एवढं ऐकून माहीत होतं. पट्टी पुसून सासूबाईंच्या हातात दिली, "आई, हे धान्यात ठेवा, सुकू द्या," म्हटलं आणि धावत सुटले.

फेरी संपवून आले आणि तांदळाचा डबा उघडला. डब्यात फक्त तांदूळ!

"आई, कुठं ठेवलं?"

"ढोलीत."

आमची ढोली म्हणजे माणूस उभा राहील एवढी. नवं धान नुकतंच घरी आलं होतं.

"ढोलीत काहून जी?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "डब्यातला तांदूळ रोज शिजते. पोळ्याले पाहुणे आले तं रिकामा होते. ढोलीतलं कोन हलवते? तुह्या जिवाची वस्तू, म्हनून नीट ठेवली. वरून दोन पोते धान पन टाकलं, कोनाले दिसू नये म्हनून."

माझी वस्तू आहे म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यात भरवशाच्या जागी ठेवली होती.

*

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळीच सासूबाई दारात उभ्या राहून गल्लीतल्या बायकांना हाका मारू लागल्या. "या वो बायांनो, सूप घेऊन या! सुनेची बस हारवली!"

"कुठं हारवली, माय?"

"ढोलीत!"

सहा बायका आल्या. अंगणात ताडपत्री पसरली आणि ढोली रिकामी करायला घेतली. सूपभर धान पाखडायचं, हात फिरवून पाहायचं, पुढचं सूप. बोटभर पट्टीसाठी वर्षभराचं धान! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण एकीनंही विचारलं नाही की या वयात बाईला हे कायले पाहिजे. उलट हात चालवता चालवता चौकशी, "घाटात चालते का वो तुही बस? आमाले बसवशीन का?" त्या सकाळी मला जे मिळालं, ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

नऊच्या सुमारास धनराजभाऊ आला. त्यानं सगळं ऐकलं, गाडीच्या डिकीतून बाबांचं बारीक मासळीचं जाळं काढलं आणि आमच्या दोन खाटांच्या मध्ये ताणून बांधलं. "वरून धान टाका, मावश्यांनो!" दाणे भराभर खाली, काडीकचरा वर. तिसऱ्या पोत्याला जाळ्यात काहीतरी हिरवं चमकलं.

"गावली!" सहाही बायका एका सुरात ओरडल्या.

त्यानं पट्टी पुसून नेली आणि कॅबिनेटमध्ये बसवली. लावली तशी सुरू! सगळा गेम जिथल्या तिथे. मग स्क्रू आवळता आवळता हळूच मला म्हणाला, "ताई, भिजलं तवा हे सुरू नोयतं, म्हनून वाचलं. पुसून पंख्याखाली ठेवलं असतं तरी झालं असतं."

मी म्हटलं, "भाऊ, हे त्या बायांले सांगू नका."

*

त्याच दुपारी मी पहिल्यांदा बस काढली. धनराजभाऊनं दिलेलं जुनं स्टिअरिंग टेबलाला बांधलं होतं. बायका घरी गेल्या होत्या. पडद्यावर डेपो, समोर रिकामा रस्ता. अठरा वर्षं ज्या जागेकडे पाठीमागून पाहिलं, तिथे मी बसले होते. इंजिन सुरू केलं आणि मागे चपलांचा आवाज आला.

सासूबाई! बाहेरगावी जायचं लुगडं नेसलेल्या, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या मागे लावली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"चाल, काढ गाडी."

काहीतरी चेष्टा करावी म्हणून मी मागे वळून हात पुढे केला. "तिकीट घ्या, आई!"

"तिकीट कंडक्टर मागते," सासूबाई म्हणाल्या. "तू डायवर आहेस. समोर पाह्य!"