सोवळी टाकी

आमच्या खाडीकाठी नगरपालिकेने सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प बांधला आहे. गटारं तेवढी त्याला जोडायची राहिली. ती शेजारून थेट खाडीत जातात आणि प्रकल्पाच्या टाक्या कोरड्या ठणठणीत असतात. त्यातल्या एका टाकीत गावातली एक बाई सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालते. पूर्वी खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायची, ते तिने सोडलं. मी रोज सकाळी तिथून फिरायला जाते. पदर खोचून ती आधी टाकीचा तळ झाडते, वाकून बोट फिरवून धूळ बघते आणि मगच टोपली उपडी करते.

"अगं, ही घाणीची टाकी ना?" मी एकदा विचारलं.

"हेच्यात आजून घाणीचो थेंब पडाक नाय. गावात इतकी सोवळी जागा खंय आसा, दाखव माका."

गेल्या आठवड्यात साहेब पाहणीला येणार होते. प्रकल्प चालू दिसावा म्हणून टँकरने सांडपाणी आणून टाकीत ओतलं. साहेबांनी फोटो काढून घेतले, शहाळं प्यायले आणि गेले. मग ते पाणी होतं तसंच खाडीत सोडून दिलं.

दुसऱ्या सकाळी ती खराट्याने टाकी घासत होती. "चांगली टाकी बाटयली मेल्यांनी," असं पुटपुटत होती. घरच्या विहिरीवरून आणलेली कळशी संपत आली होती.

"खाडी इथेच तर आहे, दोन बादल्या घे की," मी म्हटलं.

तिने खराटा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

"खाडयेचा पाणी? आणि मगे टाकी परत कशान धुवू, गो बाय?"