बांगड्या काचेच्या वाजल्या पाहिजेत

हे गेले त्या सकाळी बैठकीत गाण्याच्या सेटला जोडायचे दोन प्रीॲम्प्लिफायर शेजारी शेजारी ठेवलेले होते. आदल्या दिवशी यांनी ते जालन्याच्या युसूफभाईंच्या दुकानातून आणले होते. एक भारीतला, एक हलका. पैसे भारीतल्याचे भरून झाले होते आणि बोली अशी होती, की दोन्ही घरी ऐकायचे, एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. "आज तू दमलीस. उद्या निवांत बसू, तुझे कान ताजे पाहिजेत," असं म्हणून हे झोपले. सकाळी दूध आणायला गेले, आणि थोड्या वेळानं दूधवालाच दारात आला. काका चौकात बसल्या जागी कलंडलेत, म्हणाला. दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं... यांना घरी आणलं तेव्हा जागा करायला कोणीतरी ते दोन्ही डबे पलंगाखाली सरकवले. मी रडत होते आणि माझं अर्धं लक्ष त्या पलंगाखाली होतं. कोणाला हे वाईट वाटेल तर वाटो, खरं आहे ते लिहिते आहे.

हे अंबडच्या कोर्टात कारकून होते. बोलणं कमी, कपडे दोनच जोड, नाद एकच. घरातला सेट. लोकांना वाटायचं यांना गाण्यांचं वेड आहे. गाणी आमच्याकडे होतीच, पण सेट पारखायला कॅसेट एकच होती. माझ्या आईची. आष्टीला माहेरी ओसरीवर आई वाकळ शिवत गुणगुणत होती, तेव्हा यांनी नवा टेप आणलेला, तो तिच्या नकळत चालू करून ठेवला. आई जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या कॅसेटमध्ये तिचा आवाज आहे, सुई ओढताना दोऱ्याचा खस्स आवाज आहे आणि हातातल्या बांगड्या आहेत. नवं काहीही आणलं की हे मला भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवायचे, म्हणजे कोणता डबा जोडलाय ते दिसू नये. कॅसेट लावायचे आणि मधेच म्हणायचे, "हात हलव." मी हात हलवायचे. माझ्या बांगड्या आणि आईच्या बांगड्या सारख्या वाजल्या तर तो डबा पास. मी काय म्हणाले ते हे वहीत लिहायचे आणि खाली कोर्टातल्यासारखं 'निकाल' लिहून सही करायचे.

मी चौथी शिकलेली. वॅट वगैरे मला कळत नाही. यांनी एकदा समजावून सांगितलं, की टेपमधून निघतो तो आवाज अगदी बारीक असतो, प्रीॲम्प्लिफायर त्याला नीट करून पुढे देतो आणि मग ॲम्प्लिफायर त्याला मोठा करतो. मी म्हणाले, म्हणजे एक विरजण आणि एक पातेलं. पातेलं केवढंही घ्या, विरजण आंबट असलं तर दही आंबटच. हे हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

एकदा मोठा ॲम्प्लिफायर आणला होता, तेव्हा कोर्टातली चार मंडळी ऐकायला आली. मी माणसांत येत नाही, आत चुलीपाशीच होते. बाहेर वाहवा चालली होती. "भिंती हलून राह्यल्या, दादा," कोणीतरी म्हणालं. हे पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले आणि हळूच म्हणाले, "काय?" मी म्हणाले, "आईच्या बांगड्या पत्र्याच्या झाल्या." हे बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या घरात पास न्हाई झाला."

"वहिनींना इंजिनिअर कधी केलं तुम्ही?"

"केलं न्हाई. होत्याच. मला उशिरा कळलं."

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. त्याच्या जागी आला तो निम्म्या ताकदीचा होता, पण त्यात काच काचेसारखी वाजली. तो अजून आहे. राहिलं होतं ते विरजण.

आणखी एक सांगायचं राहिलं. सेटमधून घूं असा आवाज येऊ नये म्हणून यांनी अंगणात खड्डा खणून मीठ, कोळसा घालून अर्थिंगचा पाइप पुरला होता. ती जागा ओली राहिली पाहिजे, म्हणून रोज सकाळी तिथं एक कळशी पाणी घालायचं काम माझं. शेजारच्या काकूंनी एकदा त्या पाइपाला हळदकुंकू लावलं होतं. आम्ही दोघं दिवसभर हसलो, पण त्यांना खरं सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी थोरल्या जाऊबाई माझ्या बांगड्या उतरवायला आल्या. चार बायका सोबत होत्या. मी हात पदराखाली घेतला.

"सुमन, रीत आहे ती. आम्ही काय हौसेनं करून राह्यलो?"

"मंग नका करू," मी म्हणाले.

"लोक काय म्हणतील?"

"या बांगड्या सेटच्या आहेत. सेट आहे तोवर राहतील."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं जाऊबाई नंतर माझ्या मुलाला म्हणाल्या. फिरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत मी एवढं बोलले होते आणि सगळं जाणून बोलले होते.

माझा मुलगा संजय पुण्याला असतो. चांगला आहे, वडिलांवर जीव होता त्याचा. तेराव्यानंतर तो म्हणाला, "आई, दोन्ही डबे परत करतो. युसूफभाईंना फोन केलाय. सेटही देऊन टाकू. तुला मोबाईलवर वाजणारा छोटा स्पीकर आणतो, कुठंही ठेव."

"आधी ऐकायचं," मी म्हणाले. "यांनी उद्या बसू म्हटलं होतं. तो उद्या अजून झाला नाही."

त्यानं नाइलाजानं हलका डबा जोडला. मी भिंतीकडे तोंड करून बसले. कॅसेट लागली आणि आईच्या आधी घूं आवाज आला. भारीतला जोडला, त्यातही तोच. "बघ," संजय म्हणाला, "बाबांशिवाय हे कोणाला जमणार?" वाटलं, कान होते ते यांच्याबरोबरच गेले... मग एकदम आठवलं. तेरा दिवस घरात माणसं होती, न्हाणं होतं, स्वयंपाक होता, आणि अंगणातल्या खड्ड्यात कोणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं. मी उठले, दोन कळशा ओतल्या. पाणी मुरेपर्यंत तिथंच उभी राहिले. परत येऊन बसले. घूं गेला होता.

संजय आता आपणहून डबे बदलू लागला. एक डबा, मग दुसरा, मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यानं नुसताच खटपटीचा आवाज केला आणि विचारलं, "आता?"

"आता तू काही बदललंच नाहीस."

मागून कॅसेट मागे फिरवल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "आई, हात हलव." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी दारातून पाहिलं असेल.

हलक्या डब्यात बांगड्या काचेच्याच होत्या, खोटं कशाला बोलू. पण भारीतल्यात गाठ मारण्याआधी आई श्वास घ्यायची, तो आला. इतकी वर्षं ती कॅसेट ऐकली, तो श्वास कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संजय येतो म्हणत होता, त्याला घरी ठेवलं आणि हलका डबा मांडीवर घेऊन मी एकटी बसनं जालन्याला गेले. दुकानात शिरले आणि डबा त्यांच्यासमोर ठेवला. युसूफभाई उठून उभे राहिले. "भाभी, तुम्ही कशाला आल्या? संजयभाईंचा फोन आल्ता, दोन्ही वापस म्हणून. बिलकुल घेतो. आणि ठेवायचाच तर हलका ठेवा, तुम्हाला भारीतलं काय करायचं?"

"हलका परत. भारीतला घरी राहील."

"कोणी ऐकून सांगितलं?"

"मी. आधीचेही सगळे मीच ऐकले."

त्यांनी डबा उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाले, "साहेब दर वेळी म्हणायचे, घरी विचारून सांगतो. मी समजायचो, बीवीला घाबरतात."

मी तिथं हसले. भर दुकानात, कुंकवाशिवायच्या कपाळानं. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं.

संजय पुण्याला गेला. स्पीकर आणायचं पुन्हा बोलला नाही. सेट जागेवर आहे, बांगड्या हातात आहेत, आणि रोज सकाळी एक कळशी खड्ड्यात जाते. हे सगळं मी यांच्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. याच्या आधीच्या पानावर यांनी दोन्ही डब्यांची नावं लिहून, रेघ ओढून, खाली 'निकाल' एवढंच लिहून ठेवलं होतं. त्यापुढे मी लिहिलं, "श्वास येतो. भारीतला ठेवला." सहीची जागा रिकामी होती. तिथं मी माझं नाव लिहिलं, पूर्ण.