सत्यभामेच्या दातातली काच

बार्शीटाकळीच्या गोवर्धन माळ्याला दोनच गोष्टींची हाव होती. झेंडूला भाव यावा आणि बायकोनं हसावं. झेंडूचं निदान दसऱ्याला तरी जमायचं.

सत्यभामा अमरावतीकडची. नवी नवरी होती तेव्हा तिचं हसणं घरातून निघून मळ्यात मोटेपर्यंत पोचायचं, आणि ते ऐकून बैल थांबायचे, असं गोवर्धन सांगे. "बैल कायले थांबतात? हाच थांबे," असं त्याची आई पार्बताबाई म्हणे. मग सत्यभामेच्या समोरच्या दाताला कीड लागली, दात काळा पडला, त्यात भोक झालं आणि तिच्या हसण्यावर पदर आला. आधी पदराआडून आवाज तरी यायचा. पुढे पुढे नुसते खांदे हलायचे. गोवर्धन त्या हलत्या खांद्यांकडे पाहत भाकरी खायचा.

"काहून वं, कोनापासून लपून राहिली? मी का पावना हाय?" एवढंच तो म्हणे. बायकोपाशी आपल्याला काय हवं ते सरळ मागणं आमच्याकडच्या पुरुषाच्या जिवावर येतं. तो वरून थट्टा करतो आणि आतून झुरतो.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या बाजारात त्याला कळलं, की तिथला एक दातांचा डॉक्टर दात न उपटता भरून देतो. पुढच्या खेपेला तो फुलांच्या टोपल्यांबरोबर सत्यभामेलाही घेऊन गेला.

"भरता येईल," डॉक्टर म्हणाले. "दातासारखंच पांढरं दिसेल."

"कशानं भरता, डाक्टरसाहेब?"

"काचेनं. काचेची पिठासारखी भुकटी असते, ती आम्लात कालवायची."

"मंग भरा ना आत्ताच!"

"अहो, ती गार पाटीवर कालवावी लागते. तुमच्या या उन्हात पाटीवरच तिचा दगड होतो, दातापर्यंत पोचतच नाही. थंडीत या."

अकोल्याचं ऊन माणसं मारतं हे गोवर्धनला ठाऊक होतं. ते बायकोचं हसूही अडवून धरतं, हे नवीन होतं. गावातले लोक थंडीची वाट हुरड्यासाठी पाहत. याची वाट वेगळी होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

पौषात दोघं गेली. डॉक्टरांनी कीड खरवडून काढली, पांढरा लगदा कालवून भोकात भरला, वरून पारदर्शक पट्टी दाबून धरली. मग आरसा दिला. दात पांढरा! कुठून भरला ते शोधूनही सापडेना.

"हास ना आता," गोवर्धन म्हणाला.

सत्यभामेनं ओठ मिटून घेतले. परतीच्या एस.टी.त गोवर्धननं असे काही किस्से सांगितले, की कंडक्टर तिकिटं फाडायची विसरून हसत बसला. सत्यभामेचे मात्र खांदेही हलले नाहीत.

त्यानंतर ती भाकरी वरणात भिजवून खाऊ लागली, बोलायची तेही ओठांच्या फटीतून. शेवटी गोवर्धन वैतागला. "पैले पदर तरी होता. आता तं कुलूपच लावलं!"

तेव्हा पार्बताबाई बोलली. "अरे, काचच भरली ना तिच्या दातात?"

"हो. मंग?"

"मंग काय! हातातली बांगडी वाढली तं बाई दिवसभर देवाले हात जोडते. तू तं सौभाग्य तिच्या तोंडातच बसवून आनलं. हासता हासता फुटली म्हंजे तुह्याच जिवावर ना!"

गोवर्धननं चुलीकडे पाहिलं. सत्यभामा भाकरी थापत होती, बांगड्या वाजत होत्या.

"खरं हाय का वं हे?"

"मले का हासाची हौस नाही?" ती मान वर न करता म्हणाली. "पन पैले तुमी राहा."

ती काच आता काच राहिली नाही, दगड झाली, हे त्यानं नाना परीनं सांगून पाहिलं. पण काच म्हणणारा डॉक्टर शिकलेला होता आणि दगड म्हणणारा नवरा माळी होता. शिवाय रागवावं तर कोणावर? बायकोचा इतका जीव, की तिचं हसू दिसेना.

अशीच दोन वर्षं गेली. मग एका सकाळी विसरून तोंडात टाकलेला फुटाणा चावताना दातातला तुकडा निघून सत्यभामेच्या तळहातावर पडला. ज्वारीच्या कणीएवढा. ती मळ्यात धावत गेली आणि नवऱ्याला हाताला धरून घरी घेऊन आली. त्याला विहिरीकडे जाऊ दिलं नाही, बैलाजवळ फिरकू दिलं नाही. अंगणात बाज टाकून त्यावर बसवलं. गोवर्धन दिवसभर नवरदेवासारखा बसून राहिला.

संध्याकाळी जेवताना त्याला जोराचा ठसका लागला. सत्यभामा किंचाळली आणि दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून त्याला गदागदा हलवू लागली.

"मरून नाही राहिलो वं!" तो कसाबसा म्हणाला. "भाजीत तिखट किती टाकलं ते पाय!"

सत्यभामा हसली. दोन्ही हात नवऱ्याच्या खांद्यांवर, पदर घ्यायला हात मोकळाच नव्हता. हसू सगळंच्या सगळं बाहेर आलं, काळ्या भोकासकट. गोवर्धननं उरलेला ठसका गिळून टाकला. हललो तर थांबेल, या भीतीनं तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

दुसऱ्या दिवशी पदर पुन्हा तोंडावर आला.

थंडी पडल्यावर तिनंच विषय काढला. "डाक्टरकडे जाचं का? काळं दिसते."

"दिसू दे," गोवर्धन म्हणाला.

आता तो जेवायला चुलीच्या अंगाला बसतो. तिथून पदर घसरला तर दिसतं. कधीतरी घसरतो. बाकीचे दिवस तो एक भाकरी जास्त मागून घेतो आणि बसून राहतो.