तो गुरूच व्हता

आधी एक डोळा मिटायचा. मग आभाळातला तो उजेड पाण्याच्या टाकीच्या कडेला धरायचा आणि साठपर्यंत मोजायचं, घाई न करता. "हलतंय का? न्हाई. लुकलुकतंय का? न्हाई. मग ग्रह हाय." मामांचं हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीही उगाच एक डोळा मिटून बघतो.

गावात त्यांना लहानथोर सगळे मामाच म्हणायचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी हयात काढली आणि त्यातली अकरा वर्षं मी शेजारी बसून पावत्या फाडल्या. उसाची ट्रॉली काट्यावर चढली की ड्रायव्हर, बागायतदार, कधी एखादा पुढारी, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायचे. मामा आकडा दोनदा बघायचे आणि एकदाच बोलायचे. कुणी हुज्जत घातली तर, "बघून बोललोय." विषय संपला. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. उपयोगाचा असतो, पण त्याच्यासोबत डबा खायला फारशी मजा येत नाही.

रिटायर झाल्यावर दौंडला स्टेशनजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना एक दुर्बीण मिळाली. दोन डोळ्यांची, एका बाजूचं रबर गेलेलं. त्या दिवसापासून जेवणं झाली की अख्खं घर स्लॅबवर. मामी, नात, घोंगडी आणि भाजलेल्या शेंगांचं ताट. बिबट्यामुळं आमच्याकडं दिवेलागणीनंतर अंगणात कुणी बसत नाही, त्यापेक्षा स्लॅब बरा. वाळवणाच्या दोरीच्या खांबाला दुर्बीण टेकवून मामा गुरू दाखवायचे. "शेजारी बारके ठिपके दिसत्यात? त्याचे चंद्र हायेत. चार असत्यात, आज तीनच. एक मागं गेलाय."

मामींना ते ठिपके कधी दिसले नाहीत. "दिसलं, दिसलं," म्हणून त्या दुर्बीण नातीकडं द्यायच्या. मला एकदा म्हणाल्या, "शुक्राचं बरं हाय. भांडी घासता घासता दिसतो." मामा हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तिथंच, काट्यावर कधी नाही.

मग ड्रोनचं खूळ आलं. अंधारात ड्रोन फिरतात, चोर वरून घरं हेरतात, असं कुणीतरी उठवलं आणि अर्धा तालुका काठ्या घेऊन स्लॅबवर चढला. व्हॉट्सॲपवर लाल गोल काढलेले फोटो यायचे. त्यातले निम्मे शुक्राचे. एका पठ्ठ्यानं तर मंगळावर बॅटरी मारून त्याला आयाबहिणीवरून शिव्या घातल्या. शेवटी लोक मामांना फोन करायला लागले. मामा टाकी धरायचे, साठ मोजायचे आणि निकाल द्यायचे. एकदा म्हणाले, "हलतंय, ड्रोन हाय," तर तो खरंच निघाला, कुणाच्या तरी लग्नाच्या शूटिंगचा. मामा ग्रह म्हणाले की लोक निवांत झोपायचे.

मामांची धाकटी बहीण, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, कॅनॉलपलीकडं उसात राहायची. नवरा गेलेला, एकुलती मुलगी, आजूबाजूला दुसरं घर नाही. मुलीचं लग्न माघात ठरलेलं आणि दागिने करून घरात ठेवलेले. त्या संध्याकाळी आक्कांचा फोन आला तेव्हा मी मामांच्या स्लॅबवरच होतो.

"भाऊ, उसावर उजेड थांबलाय. पोरीला आन् दागिनं घिऊन गावात येऊ का झोपाया?"

"कुठल्या बाजूला?"

"उगवतीला."

मामांनी टाकी धरली, साठ मोजले. "गुरू हाय तो. थंडीत कुठं येतीस पोरीला घिऊन? झोप निवांत."

सकाळी आक्कांच्या मागच्या दाराची कडी तुटलेली होती. मायलेकींना धक्का लागला नाही, पण दागिन्यांचा डबा गेला. चोर मोटरसायकलवर आले होते, हे पोलिसांनीच सांगितलं. आकाशाचा काही संबंध नव्हता. पण एका माणसावर चूक ढकलली की बाकीच्यांना हलकं वाटतं. "मामांनीच झोपा म्हणून सांगितलं," असं पारावर बोलणाऱ्यांत मीही होतो.

मामींनी आपल्या पाटल्या भाचीसाठी दिल्या. आक्कांनी त्या घेतल्या, पण भावाशी बोलणं टाकलं. लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "त्यानं एवढंच म्हणावं, चुकलं. मग पोरीच्या मागं त्यानंच उभं ऱ्हावं. मला दुसरा भाऊ न्हाई." मंगलाष्टकांना नवरीच्या मागं सख्खा मामा उभा राहतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मी मामांकडं गेलो, निरोप सांगितला. मामा म्हणाले, "चुकलंच. ये म्हणायला पायजे व्हतं, झोप म्हणालो." आणि थोडं थांबून, "पर तो गुरूच व्हता."

झालं, माझं डोकं फिरलं. अहो, पहिलं बोलून गप्प बसायला काय जात होतं? रस्ताभर मनात त्यांच्याशी भांडतच मी आक्कांच्या दारात पोचलो.

"काय म्हणाला भाऊ?"

"म्हणतात, तो गुरूच होता."

आक्कांनी मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. आधीचं वाक्य मला तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. का, ते माहीत नाही. राग होता एवढं आठवतं. घरी आलो, जेवलो, झोपलो.

लग्नात नवरीच्या मागं चुलतमामा उभा राहिला. सख्खे मामा माझ्या शेजारच्या खुर्चीवर मुठीत अक्षता धरून बसले होते. अष्टका सुरू झाल्या तसे माझ्याकडं झुकून म्हणाले, "तिला सांगितलंस न्हवं, चुकलं म्हणून?"

मी "हो" म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि समोर बघत बसले. अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या त्यांच्या.

त्यानंतर स्लॅबवर कुणी गेलं नाही. पावसाळ्यात एके दुपारी मामा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. खांदा दिला, लाकडं रचली, सगळं केलं. दुसरंच कुणीतरी करत असल्यासारखं वाटत होतं.

दहाव्याला आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे कोरडेच होते. "एकदा, नुसतं एकदा चुकलं म्हणाला असता," त्या म्हणाल्या, "तर हाताला धरून मीच उभा केला असता त्याला मांडवात. एवढा कसा रं कडक माणूस?"

माझ्या हातात चहा होता. "होते कडक," मी म्हणालो आणि चहा प्यायलो.