किडनी देण्याआधी

धाकट्या भावाचं डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात मी सांगून टाकलं की किडनी मी देणार. भिंगारला त्याचं गॅरेज. बरं वाटतंय म्हणून बीपीच्या गोळ्या त्यानं मनानंच बंद केल्या होत्या, आणि चार वर्षांत दोन्ही किडन्या गेल्या. भावजयीचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मला वाटलं, झालं काम.

डॉक्टरीणबाईंनी माझे रिपोर्ट पाहिले आणि फाईल मिटली. वजन शहाऐंशी किलो, बीपी वाढलेलं, शुगर काठावर.

"ताई, आज तुमची किडनी काढली तर उद्या तुम्हीच पेशंट व्हाल. तुमच्या हृदयावर आत्ताच ताण आहे. आधी वजन उतरवा, मग बघू," त्या म्हणाल्या.

शिर्डीत आमचं पेढ्यांचं दुकान आहे. सकाळी गल्ल्यावर बसले की रात्रीच उठायचं. प्रत्येक घाण्याची चव मीच घ्यायची, तुटके पेढे तोंडात टाकायचे, गिऱ्हाइकांबरोबर चहा. तरी बाईंना मी सांगितलं की मी फारसं खात नाही, गुरुवार तर कडक करते. गुरुवारी काय खाता, असं त्यांनी विचारलं. साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू, असं सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला.

घरी येऊन चव घेण्याचं काम मी नवऱ्याकडे दिलं. तो म्हणाला, गोडातलं मला काही कळत नाही. मी म्हटलं, शिका. बिनसाखरेचा चहा पहिले पंधरा दिवस औषधासारखा प्याले. ताटात ज्वारीची एक भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी. भात एक वाटी. उपास सोडला नाही, साबुदाणा सोडला.

पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं चालायला निघाले. पहिल्या दिवशी पेट्रोलपंपापाशीच धाप लागली आणि कठड्यावर बसले. फुलांच्या गाड्या लावणाऱ्या बाया हसल्या. साडीवर पोरीचे बूट घातले होते, हसणारच. दुसऱ्या दिवशी पंपाच्या पुढे गेले. महिन्याभरात स्टेशन गाठलं.

भावाला हे पटत नव्हतं. एका डायलिसिसनंतर तो डोळे मिटूनच म्हणाला, "ताई, तू माझ्यापायी उपाशी राहू नको. मला न्हाई घ्यायची तुझी किडनी."

"उपाशी न्हाई राहत. पोटभर जेवते," मी म्हटलं. "आन् हे तुझ्या एकट्यापायी न्हाई. तुझं जे झालं, ते माझंबी व्हायला लागलं होतं. तू निमित्त झालास."

घ्यायची नाही, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

चौथ्या महिन्यात काटा हलेनासा झाला. तीन आठवडे वजन तेवढंच. एका संध्याकाळी दुकानात कुणी नसताना मी सहा पेढे खाल्ले आणि तिथंच रडले. सकाळी मात्र बूट घातले. बाईंना खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं चालणं आता पुरायचं नाही, अंगाला जोर लागू द्या, म्हणाल्या. मग खव्याच्या कढईपाशी मी स्वतः उभी राहू लागले. तासभर उलथणं फिरवायचं म्हणजे काय, ते आमच्या कारागिराला इतकी वर्षं माहीत होतं. घरात जिना दहादा चढायचा, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. काटा परत हलला.

अकराव्या महिन्यात वजन अडुसष्ट. बीपी गोळीशिवाय जागेवर, शुगर काठापासून चांगली मागं. सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, हृदयाचीही. बाईंनी या वेळी फाईल उघडीच ठेवली आणि सही केली.

ऑपरेशनला आता दोन वर्षं होतील. भावानं गॅरेज पुन्हा उघडलंय आणि गोळ्यांची वेळ तो चुकवत नाही. माझी एकच किडनी आहे, तेव्हा वजन परत वाढवायची मुभा मला नाही. मधे लग्नसराईत दोन किलो वाढले होते, ते उतरवले. नवऱ्याला पेढ्याची चव बऱ्यापैकी कळायला लागलीय, म्हणून हल्ली त्यालाही पहाटे उठवते. तो कुरकुरतो, पण येतो.