मोठ्या बहिणीची श्रीलंका

नोकरी संपली की लोक तीर्थाला जातात. मी श्रीलंकेला जायचं ठरवलं. जव्हारच्या आमच्या घरात ही बातमी मी जेवताना फोडली, तेव्हा नवऱ्याने आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मला यावं लागेल का?" बसने मोखाड्यापर्यंत गेलं तरी त्यांना गाडी लागते. नाही म्हटल्यावर त्यांनी वाटी उचलली आणि उरलेली आमटी फार समाधानाने संपवली.

खरं तर मला त्यांना न्यायचंच नव्हतं. मला माझ्या मोठ्या बहिणीला न्यायचं होतं. ती साखरशेतला राहते, भात-नाचणी करते, आणि मी शाळेतून निवृत्त झाले तरी मला अजून पोरच समजते. आम्ही दोघींनी मिळून कधी प्रवास केला नाही. मी आश्रमशाळेत राहिले, पुढे स्वतःच शाळेतली बाई झाले. ती आधी आईबापांबरोबर आणि मग नवऱ्याबरोबर दरसाल दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची. आमच्याकडे याला जगायला जाणं म्हणतात. शिमग्याला सगळे घरी, मग पुन्हा पाऊस तोंडावर येईपर्यंत भट्टी. आता गुडघ्यांमुळे तिचं जाणं सुटलंय, शेत मुलगा आणि सून सांभाळतात. म्हणजे ती मोकळी आणि मीही मोकळी. अशी संधी सोडणाऱ्यातली मी नाही.

ते बेट मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. भारत काढताना पोरं घामाघूम व्हायची, श्रीलंका मात्र एका दमात जमायची. आता ठाण्याहून माझी मुलगी मोबाइलवर फोटो धाडू लागली. कँडीचं तळं, नुवारा एलियाची थंडी, एल्लाचा कमानींचा पूल आणि त्यावरून जाणारी निळी आगगाडी, सिगिरियाचा उभा खडक, मिरिस्साचा समुद्र. मी गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर सगळा बेत आखला. मी भाजी आणायलासुद्धा बेत आखून जाते, त्यामुळे परदेश म्हटल्यावर माझ्या अंगात संचारलंच. एकही दुपार रिकामी सोडली नाही. मुलगी म्हणाली, "आई, ही सहल आहे की तुझं शाळेचं वेळापत्रक?" मी तिला गप्प बसवलं.

बाजाराच्या दिवशी बहीण जव्हारला आली तेव्हा मी तिला ओटीवर बसवून एकेक फोटो दाखवला. धबधबा पाहून ती म्हणाली, "दाभोशाला नाय का आपल्या?" डोंगर आले तेव्हा तिने पुढे चल म्हणून हात हलवला. डोंगर तिला रोज दारातून दिसतात, त्यात काय बघायचं. मग चहाच्या मळ्याचा फोटो आला. पाठीवर टोपल्या बांधलेल्या बाया पानं खुडत होत्या. त्या फोटोवर मात्र ती थांबली. मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"वजनावर देतात का हजेरीवर?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

"खाली बसायला नाय लागत, ह्ये बरा हाय," ती म्हणाली. मग तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बरा, जाऊ आपुन. पन शिमग्याला घरी पायजे."

मला इतका आनंद झाला की मी उठून तिच्यासाठी गोडाचा शिरा केला. तिला मनवायला महिना जाईल असं मी धरून चालले होते, आणि ही एका फोटोवर तयार झाली. नवऱ्याला मी टोमणाही मारला, बघा, घरात हौस नावाची गोष्ट कुणाला तरी आहे.

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला साखरशेतला गेला आणि बातमी पाड्यापाड्यांत पोचली. पुढच्याच आठवड्यात एक तरुण जोडपं माझ्या दारात येऊन उभं राहिलं. दोघं आंघोळ करून, चांगले कपडे घालून आले होते. मी चहा टाकला. मुलगा चप्पल बाहेर काढून दारातच बसला आणि म्हणाला, "बाई, आमालाबी घ्या. जोडी हाय आमची. दोघां कामाला चांगली हाव."

भट्टीवर कामाला जोडीच घेतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मला कळेना, तो माझ्याकडे का आलाय. मग बायको हळूच म्हणाली, "चहाच्या मळ्यावर. तुमची बहीन जाते ना तुमच्यासंगं."

मी हसत सुटले. जन्मभर शाळेत पोरांना हजेरी लावली आणि आता मला लोक मजूर नेणारी मुकादम समजत होते! आतून ऐकणाऱ्या नवऱ्याला तर हसून खोकलाच लागला. त्या दोघांना मी नीट समजावलं, चहा पाजला, आणि ती गेल्यावर मात्र माझं हसू आपोआप बंद झालं. कारण हे त्यांना सांगितलं कोणी?

दुसऱ्या दिवशी मी साखरशेत गाठलं. बहीण दारात नाचणी पाखडत होती. आत कोपऱ्यात गाठोडं तयार होतं. तांदूळ, नाचणीचं पीठ, सुकट, तवा, गोधडी, आणि गोधडीत गुंडाळलेला कोयता. भट्टीवर जाताना नेतात तेच सगळं. कोयता घेऊन विमानात चढणारी माझी बहीण माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी चिडलेच.

"अगं, तू काय जगायला चालली आहेस?"

"मंग? कशाला चाललू आपुन?"

"बघायला!"

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुजी नोकरी संपली ना. मी म्हनलं, आता हिला कामाचा जरूर पडला आसंल. तुला सवय नाय भायेर ऱ्हायाची. येकटी कशी सोडू तुला?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तिच्या हिशेबी काम संपलं म्हणजे मजुरी संपली. पेन्शन हा शब्द तिने ऐकला होता, पण घरी बसून पैसे मिळतात यावर तिचा काही विश्वास नव्हता. म्हणून त्या गुडघ्यांवर ती मला सोबत करायला निघाली होती, समुद्रापलीकडे, पानं खुडायला. मला रडू आलं. ती म्हणाली, "रडते काय, नाय ना काम? झाला तर मंग," आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

पण काम नाही म्हटल्यावर तिचं जाणंही संपलं. तिने गाठोडं सोडलं, तांदूळ परत कणगीत ओतले. "नुसता बघून काय कराचा? तू जा. पोरीला घेऊन जा." मी सगळं करून पाहिलं. लाडीगोडी लावली, रागावले, मुलीकडून फोन करवला. मुलीने मावशीला निळ्या गाडीचं आमिष दाखवलं. ती सगळ्यांना हो हो म्हणायची आणि शेवटी नाहीवर यायची. तिच्याशिवाय जायला माझं मन घेईना. भिंतीवरचं ते उलटं कॅलेंडर मला डोळ्यांसमोर नको झालं. नवऱ्याने एकदा चुकून "मग मीच येऊ का?" असं विचारलं, इतकी माझी अवस्था वाईट होती.

भात झोडून झाल्यावर ती आली. पिशवीत नव्या तांदळाचं पीठ होतं. ते माझ्या हातात देऊन ओटीवर बसली, गुडघे चोळले, पाणी प्यायली. मी श्रीलंकेचं नाव काढलं नाही. तीच म्हणाली, "तो तुजा कागद आन."

मी कॅलेंडर आणून तिच्यापुढे पसरलं आणि एकेक दिवस वाचून दाखवू लागले. कँडी झालं. नुवारा एलिया झालं. ती मान हलवत होती. एल्लाला मी पोचले तेव्हा तिने मला थांबवलं.

"यात बसाचा कवा?"

"गाडीत बसायचंच आहे की."

"गाडीत नाय. नुसता बसाचा." तिने हात कागदावर सपाट ठेवला. "वसईला आमी भट्टीवर होतू, तव्हा मागं खाडी होती. संध्याकाली वारा याचा. मी म्हनाची, जाऊन बसू जरा. पन विटा पाडाच्या असत, नाय तं भाकरी. दरसाल तीच भट्टी, पन खाडीवर मी गेली नाय." ती हसली. "परक्या गावात मी इतकी वर्सां काडली. पन परक्या गावात नुसती बसली, आसा कदी झालाच नाय. येक दीस तसा देशील तं येते."

मी पेन घेतलं आणि सिगिरिया खोडलं.

मुलीला फोन केला तर ती ओरडली, "आई, लोक सिगिरियासाठी श्रीलंकेला जातात! त्या दिवशी काय बघणार तुम्ही?"

मिरिस्साचा समुद्र, असं मी सांगणार होते. पण बहीण कान देऊन ऐकत होती. माझ्या हातातून मोबाइल घेऊन तीच बोलली, "काय नाय बघाचा, बाय. मी आन तुजी आय बसनार हाव. कोनी बोलवला तरी उठाचा नाय."